उघडी बंदूक, माणसाचा वर्ण आणि पोलीस : अमेरिकेतील हा प्रश्न पुराव्याने कसा तपासावा

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक जोडचित्रफीत फिरत असते. डाव्या बाजूला एक गोरा माणूस खांद्याला रायफल अडकवून रस्त्याने चाललेला दिसतो. पोलीस येतात, चार प्रश्न विचारतात, आणि तो आपला हक्क सांगून पुढे निघून जातो. उजव्या बाजूला तशीच रायफल घेतलेला कृष्णवर्णीय माणूस असतो. त्याच्याभोवती गाड्या थांबतात, त्याच्यावर बंदुका रोखल्या जातात आणि त्याला रस्त्यावर पालथे झोपवले जाते. पाहणाऱ्याचे मत अर्ध्या मिनिटात तयार होते, मग ते कोणत्याही बाजूचे असो. ती दोन दृश्ये एकाच राज्यातली आहेत का, पोलिसांना बोलावले कोणी आणि काय सांगून बोलावले, चित्रण सुरू होण्याआधी काय घडले, यांपैकी एकही गोष्ट त्या अर्ध्या मिनिटात कळत नाही.

हे मार्गदर्शन ज्या वाचकांना हा प्रश्न स्वतः तपासायचा आहे त्यांच्यासाठी आहे. अमेरिकेत राहणारी मराठी माणसे, तिथल्या घडामोडींवर मराठीत लिहिणारे पत्रकार आणि कायदा किंवा समाजशास्त्र शिकणारे विद्यार्थी यांना त्याचा उपयोग होईल. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे वाचकाला ते लक्षात ठेवून पुढचे पारखता येईल. अनेक वर्षे अशी प्रकरणे वाचल्यावर मला वाटते की माणसाच्या वर्णाचा परिणाम होतो, पण तो सगळीकडे सारखा होत नाही. पोलिसांना आधी सूचना असते, हाताशी वेळ असतो आणि समोर कोण आहे हे ठाऊक असते, तेव्हा फरक बराच कमी दिसतो. माणूस एकटा असतो, कोणा अनोळखी व्यक्तीने घाबरून दूरध्वनी केलेला असतो आणि निर्णयाला काही सेकंदच असतात, तेव्हा तो फरक प्रकर्षाने दिसतो. म्हणून तपासाची नजर गोळी सुटण्याच्या क्षणावर खिळवून चालत नाही, ती त्याआधीच्या काही मिनिटांवर न्यावी लागते.

आधी शब्द नीट करून घ्यावेत

मराठी बातम्यांत ‘बंदूकधारी’ हा शब्द बहुतेक वेळा हल्लेखोरासाठी येतो. ‘बंदूकधाऱ्याचा अंदाधुंद गोळीबार’ हे शीर्षक आपण इतक्या वेळा वाचले आहे की कायद्याने दिलेल्या मुभेनुसार कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायला गेलेल्या माणसालाही तोच शब्द लावला, तर निकाल पहिल्या ओळीतच लागतो. त्यामुळे अशा माणसाला ‘बंदूक बाळगणारा’ म्हणावे आणि हल्लेखोराला हल्लेखोर म्हणावे. उघडपणे बाळगणे म्हणजे शस्त्र इतरांना दिसेल असे जवळ ठेवणे. ते कपड्यांखाली असले तर ते लपवून बाळगणे ठरते, आणि त्याचे नियम पुष्कळदा वेगळे असतात. दोन्ही प्रकारची प्रकरणे एका टोपलीत टाकू नयेत, आणि एकाचा दाखला दुसऱ्यासाठी घेतला तर तसे स्पष्ट लिहावे. ‘वंश’ हा कायद्यातला शब्द आहे, परंतु रस्त्यावरच्या पोलिसाला दिसतो तो कातडीचा रंग. म्हणून मी इथे ‘वर्ण’ हा शब्द केवळ त्या अर्थाने वापरला आहे, चातुर्वर्ण्याशी त्याचा इथे संबंध नाही.

त्या दिवशी, त्या राज्यात कायदा काय होता

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदुकीला परवाना लागतो, त्यामुळे भर चौकात कोणाच्या हातात ती दिसली तर पोलिसाने हटकणे आपल्याला स्वाभाविक वाटते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत गृहीतक याच्या उलट आहे. उघडी बंदूक बाळगणे हा तिथे गुन्हा नाही, आणि काही राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही. ओहायोत ती परवान्याविना उघडपणे बाळगता येते. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला कमरेचे पिस्तूल उघडपणे बाळगता येऊ लागले आणि १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांसाठी परवान्याची अटही गेली. इलिनॉय किंवा न्यूयॉर्कमध्ये मात्र पिस्तूल असे मिरवता येत नाही. म्हणून प्रत्येक घटनेच्या नोंदीत पहिली ओळ राज्य आणि तारीख यांची असावी, कारण २०१५ मधली टेक्सासची घटना आणि २०२२ मधली टेक्सासची घटना या कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या प्रांतांतल्या घटना आहेत.

त्यानंतर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पोलिसांना त्या माणसाला थांबवण्याचा अधिकार होता का? आणि थांबवल्यावर त्याची झडती घेण्याचा होता का? १९६८ च्या टेरी विरुद्ध ओहायो या निकालाने पोलिसांना सयुक्तिक संशय असल्यास माणसाला थोडा वेळ थांबवण्याची, आणि तो सशस्त्र व धोकादायक वाटल्यास वरवर चाचपण्याची मुभा दिली. पुढे प्रश्न असा आला की जिथे बंदूक बाळगणे कायदेशीर आहे तिथे केवळ ती दिसल्याने संशय उभा राहतो का. संघराज्याच्या अपील न्यायालयांपैकी चौथ्या विभागाच्या न्यायालयाने २०१३ मध्ये युनायटेड स्टेट्स विरुद्ध ब्लॅक या प्रकरणात (ब्लॅक हे आरोपीचे आडनाव आहे, वाचताना गोंधळ होऊ नये) सांगितले की नाही, तेवढ्यावर माणसाला अडवता येत नाही. सहाव्या विभागीय न्यायालयाने २०१५ मध्ये टोलेडो शहराविरुद्धच्या नॉर्थरप प्रकरणात हेच म्हटले. तिथे एक गृहस्थ कुटुंबीयांसह कुत्र्याला फिरवत होते, कमरेला पिस्तूल होते, एका वाटसरूने तक्रार केली आणि पोलिसांनी त्यांना बेड्या घातल्या. परंतु त्याच चौथ्या विभागाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये पूर्ण पीठाने दिलेल्या रॉबिन्सन निकालात असे ठरवले की इतर कायदेशीर कारणाने थांबवलेल्या माणसाजवळ बंदूक आहे असे समजले, तर ती कायदेशीर असली तरी त्याला चाचपता येते, कारण सशस्त्र असणे म्हणजेच धोकादायक असणे.

ब्लॅक आणि रॉबिन्सन हे दोन निकाल शेजारी ठेवले की फट दिसते. बंदुकीसाठी थांबवता येत नाही, पण सीटबेल्ट लावला नाही म्हणून थांबवता येते, आणि मग बंदुकीसाठी चाचपता येते. सीटबेल्ट न लावलेल्या शेकडो चालकांपैकी कोणाला थांबवायचे हे पोलिसाच्या नजरेवर असते, आणि वर्णाचा प्रश्न नेमका या नजरेपाशी येतो. ह्यूस्टनचे कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी हॅरल्ड डटन यांनी २०१५ मध्ये टेक्सासच्या विधेयकात दुरुस्ती सुचवली होती की केवळ परवाना पाहण्यासाठी पोलिसांनी कोणालाही थांबवू नये. पोलीस संघटनांनी तिला विरोध केला आणि अंतिम मसुद्यातून ती वगळली गेली. कायदा लिहिताना हा धोका कोणाला दिसला नव्हता असे म्हणायला त्यामुळे जागा राहत नाही.

कायद्याचा इतिहासही थोडा पाहून घ्यावा, कारण कागदावर सर्वांसाठी असलेला नियम व्यवहारात काहींसाठीच असल्याची उदाहरणे त्यात सापडतात. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्युफर्ड यांनी १९४१ मध्ये वॉटसन विरुद्ध स्टोन या प्रकरणात लिहून ठेवले आहे की १८९३ चा शस्त्रकायदा कृष्णवर्णीय मजुरांकडून शस्त्रे काढून घेण्यासाठी झाला होता, गोऱ्यांना तो लावण्याचा हेतू कधीच नव्हता आणि प्रत्यक्षात तो कधी लावलाही गेला नाही. १९५६ मध्ये माँटगोमेरीत घरावर बॉम्ब टाकला गेल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. १९६६-६७ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवू लागले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तेव्हा ते बसत होते. आमदार डॉन मल्फर्ड यांनी त्याविरुद्ध विधेयक आणले, २ मे १९६७ रोजी पँथर सशस्त्र होऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, आणि त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी आली. इतिहासाने आजच्या एखाद्या पोलिसाचा दोष सिद्ध होत नाही हे खरे. मात्र ‘नियम सर्वांना सारखा’ हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, ते हा इतिहास शिकवतो.

निरोपाची साखळी उलगडावी

तपासाचा मुख्य भाग हा आहे आणि यालाच सर्वांत जास्त वेळ द्यावा. एक कागद आडवा घेऊन त्यावर रकाने आखावेत. पहिल्यात, ९११ या आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करणाऱ्याने नेमके कोणते शब्द वापरले. दुसऱ्यात, तो दूरध्वनी घेणाऱ्या व्यक्तीने काय विचारले आणि संगणकात काय नोंदवले. तिसऱ्यात, बिनतारी संदेशावरून गस्तीच्या गाडीला काय सांगितले गेले. चौथ्यात, पोलीस पोहोचल्यापासून पहिला शब्द, पहिली रोखलेली बंदूक आणि पहिली गोळी यांमधली सेकंदे. पाचव्यात, नंतर अधिकाऱ्याने त्या माणसाचे वर्णन कसे केले. प्रत्येक रकान्यात मूळ शब्द जसेच्या तसे लिहावेत, सारांश लिहू नये. एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना कोणता शब्द गळला आणि कोणता टिकला, तिकडे लक्ष ठेवावे.

क्लीव्हलंडचे २२ नोव्हेंबर २०१४ चे प्रकरण या पद्धतीने मांडून पाहावे. टमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा एका उद्यानात खेळण्यातले पिस्तूल घेऊन फिरत होता. दूरध्वनी करणाऱ्याने सांगितले की एक जण पिस्तूल काढून लोकांवर रोखतो आहे, पण ते बहुधा खोटे आहे. पुढे तो असेही म्हणाला की हा बहुधा अल्पवयीन आहे. दूरध्वनी घेणाऱ्या व्यक्तीने त्याला एकाहून अधिक वेळा विचारले : काळा आहे की गोरा? उत्तर मिळाले, काळा. गाडीला गेलेल्या संदेशात झोपाळ्यावर बसलेला काळा पुरुष होता, त्याच्या टोपीचे आणि जाकिटाचे वर्णन होते, पँटमधून बंदूक काढून लोकांवर रोखतो हे होते. ‘बहुधा खोटे’ आणि ‘बहुधा अल्पवयीन’ हे शब्द मात्र त्यात नव्हते. गाडी गवतावरून थेट मुलाजवळ नेली गेली आणि ती थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. त्यानंतरच्या संदेशात त्या बारा वर्षांच्या मुलाचे वर्णन ‘काळा पुरुष, वय अंदाजे वीस’ असे आले.

हा तक्ता भरताना मला पाचव्या रकान्यापाशी थांबावे लागले. वयाची आठ वर्षे कुठून आली? फिलिप गॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले होते की कृष्णवर्णीय मुले पाहणाऱ्यांना त्यांच्या वयापेक्षा मोठी आणि कमी निष्पाप वाटतात, आणि पाहणी केलेल्या पोलिसांतही हा कल होता. एका घटनेला सरासरीचा निष्कर्ष सरळ चिकटवू नये, पण कोणत्या रकान्यात काय शोधायचे ते अशा संशोधनावरून कळते. दूरध्वनी घेणाऱ्या व्यक्तीला पुढे २०१७ मध्ये आठ दिवसांसाठी निलंबित करण्यात आले. ज्युरीने अधिकाऱ्यावर आरोप ठेवले नाहीत.

त्याच वर्षी ५ ऑगस्टला त्याच ओहायो राज्यात बीव्हरक्रीक इथे जॉन क्रॉफर्ड हा बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण वॉलमार्टच्या फळीवरची छऱ्यांची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत दुकानात फिरत होता. दूरध्वनी करणाऱ्याने पोलिसांना सांगितले की तो लोकांवर बंदूक रोखतो आहे. पोलिसांनी येऊन त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि तो मारला गेला. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण आणि ९११ ची ध्वनिफीत एकाच वेळेवर जुळवून पाहिली तर ते विधान चित्राशी जुळत नाही, आणि पुढे दूरध्वनी करणाऱ्याने स्वतःही ते मागे घेतले. असे जुळवून पाहणे घरच्या संगणकावरही जमते. दोन खिडक्यांत दोन फिती उघडाव्यात, घड्याळ मिळवावे आणि प्रत्येक विधानाच्या क्षणी पडद्यावर काय दिसते ते लिहीत जावे. क्रॉफर्डकडे खरी, भरलेली बंदूक असती तरी ओहायोत ती उघडपणे हातात असणे एवढ्यानेच गुन्हा होत नव्हता. पोलिसांना ‘बंदूक असलेला माणूस’ भेटलाच नाही, त्यांना ‘लोकांवर बंदूक रोखणारा माणूस’ भेटला, आणि तो एका अनोळखी माणसाच्या तोंडून तयार झालेला होता.

फिलँडो कॅस्टील यांचे प्रकरण उघडी बंदूक बाळगण्याचे नाही, त्यांचे शस्त्र दिसत नव्हते. तरी साखळी कशी वाचावी यासाठी ते अभ्यासावे. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातील फाल्कन हाइट्स इथे त्यांची गाडी थांबवली गेली. सांगितलेले कारण मागचा दिवा बंद असल्याचे होते. परंतु त्याआधी अधिकाऱ्याने बिनतारीवर म्हटले होते की गाडीतली माणसे एका दरोड्यातल्या संशयितांसारखी दिसतात, विशेषतः चालक, त्याच्या रुंद नाकामुळे. कॅस्टील यांनी स्वतःहून आदराने सांगितले, “सर, मला सांगायला हवे की माझ्याजवळ बंदूक आहे.” त्यांच्याकडे परवाना होता, आणि मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे विचारल्याशिवाय ते सांगणेही त्यांना बंधनकारक नव्हते. काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. जून २०१७ मध्ये अधिकारी निर्दोष सुटला. इथे वर्णाचा शोध गोळीच्या क्षणाशी केला तर वाद संपत नाही, कारण तिथे भीती खरी होती का हाच प्रश्न उरतो. बिनतारीवरचे ‘रुंद नाक’ हे शब्द मात्र नोंदवलेले आहेत, आणि गाडी थांबण्याच्या आधीचे आहेत.

साखळीचा हा दोष आपल्या माणसांनाही लागलेला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन गावी गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ सकाळी पायी फिरत होते. शेजाऱ्याने दूरध्वनीवर सांगितले की एक सडपातळ काळा माणूस घरांच्या आसपास फिरतो आहे. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते आणि इंग्रजीही नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले आणि त्यांना अंशतः अर्धांगवायू झाला. अमेरिकेतील मराठी कुटुंबांत आईवडील सहा-सहा महिने राहायला येतात आणि सकाळी असेच फिरायला बाहेर पडतात, म्हणून हे प्रकरण मी कधी विसरू शकलो नाही.

तुलना करायची तर जोडी नीट लावावी

दोन घटनांची तुलना करताना राज्य आणि कायदा, शस्त्राचा प्रकार, माणूस एकटा की गटात, पोलिसांना आधीची सूचना होती की घाबरलेला दूरध्वनी आला होता, आणि आसपास काय चालले होते, एवढ्या बाबी जुळतात का ते पाहावे. विस्कॉन्सिन राज्यातील केनोशाचे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. २५ ऑगस्ट २०२० च्या रात्री सतरा वर्षांचा काइल रिटनहाउस हा गोरा मुलगा तिघांवर गोळ्या झाडल्यानंतर हात वर करून, रायफल अंगावर लटकलेली असताना, पोलिसांच्या गाड्यांकडे चालत गेला, आणि बघ्यांनी ओरडून सांगूनही त्या गाड्या त्याच्या बाजूने पुढे निघून गेल्या. त्या रात्री रस्त्यावर बंदुका घेतलेले बरेच लोक होते आणि आपण गोळीबाराच्या जागी निघालो होतो, असे पोलिसांच्या बाजूने सांगितले गेले. हे स्पष्टीकरण नोंदवावे, आणि त्याच्या शेजारी क्लीव्हलंडमधली दोन सेकंदे लिहावीत. पण या दोन घटनांना जोडी म्हणू नये. राज्य वेगळे, प्रसंग वेगळा, पोलीस दल वेगळे आहे.

खरी जोडी हवी असेल तर मिशिगनची पाहावी. ३० एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या विरोधात आलेले निदर्शक, बहुतांशी गोरे, रायफली घेऊन लान्सिंगच्या राज्य विधानभवनात शिरले. तिथे तेव्हा ते कायदेशीर होते आणि पोलिसांनी त्यांना आत येऊ दिले. त्यानंतर आठवडाभरात, ६ मे रोजी, सेरा अँथनी या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी स्वतःच्या रक्षणासाठी आलेल्या, रायफली घेतलेल्या मुख्यतः कृष्णवर्णीय नागरिकांसोबत त्याच इमारतीत गेल्या. पोलिसांनी त्यांनाही अडवले नाही. इमारत तीच, कायदा तोच, आठवडा जवळजवळ तोच, आणि वागणूक सारखी. जुलै २०२० मध्ये लुईव्हिलला कृष्णवर्णीय सशस्त्र गटाच्या मोठ्या संचलनातही पोलिसांनी त्यांना आणि विरोधी सशस्त्र गटाला वेगळे ठेवले. जे तीन जण जखमी झाले ते गटातल्याच एकाच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीने. वर्णाचा परिणाम सगळीकडे सारखाच होतो या समजाच्या विरुद्ध जाणारी ही उदाहरणे मी मुद्दाम पुढे ठेवतो, कारण त्यांनीच माझे मत घडवले. पूर्वसूचना आणि कॅमेरे असले की पोलीस कृष्णवर्णीय माणसाच्या हातातली बंदूकही शांतपणे पाहू शकतात, एवढे त्यांतून सिद्ध होते. मग एकट्या माणसाबाबत तेच का जमत नाही, हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

डॅलसची घटना या दोहोंच्या मधली आहे. ७ जुलै २०१६ च्या मोर्चात एक कृष्णवर्णीय नागरिक टेक्सासच्या कायद्यानुसार रायफल घेऊन चालत होता. एका हल्लेखोराने पोलिसांवर गोळीबार सुरू केल्यावर पोलिसांनी या नागरिकाचे छायाचित्र संशयित म्हणून प्रसिद्ध केले. त्याने आपली रायफल आधीच पोलिसाच्या हवाली केली होती, आणि त्याचा हल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, म्हणाले की मोर्चात वीस-तीस लोकांनी रायफली आणल्याने कोण कोणावर गोळ्या झाडतो हे कळेनासे झाले होते. अधिकाऱ्याचा स्वतःचा वर्ण पाहून निकाल लावण्याची घाई करू नये, हेही या घटनेवरून शिकावे.

आकडे वाचताना छेद पाहावा

प्रत्येक टक्केवारीत एक अंश असतो आणि एक छेद असतो. उघडी बंदूक बाळगणाऱ्या किती गोऱ्यांना आणि किती कृष्णवर्णीयांना पोलिसांनी अडवले, हा अंश एक वेळ मिळेल. परंतु बंदूक घेऊन निघालेले आणि कोणी न हटकता घरी पोहोचलेले लोक किती, याची नोंद कोणतीही सरकारी यंत्रणा ठेवत नाही. त्यामुळे या विषयावर कोणी सरळ टक्केवारी सांगितली, तर छेद कुठून आणला हे पहिल्यांदा विचारावे.

छेद नसताना संशोधकांनी दोन वाटा काढल्या आहेत. एक म्हणजे झडतीत काय सापडले ते पाहणे. न्यूयॉर्कमध्ये २००४ ते २०१२ या काळात पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना थांबवले. त्यांतील ५२ टक्के वेळा थांबवलेली व्यक्ती कृष्णवर्णीय होती, आणि गोरी व्यक्ती १० टक्के वेळा. शस्त्र सापडण्याचे प्रमाण मात्र कृष्णवर्णीयांत १.० टक्का आणि गोऱ्यांत १.४ टक्के होते. एका गटाला जर तोकड्या संशयावर थांबवले जात असेल, तर त्या गटात शस्त्रे कमी सापडतात, आणि इथे तेच दिसते. फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर या २०१३ च्या निकालात हे आकडे आहेत, तो निकाल मुळातून वाचावा. दुसरी वाट अंधाराची. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वाहने थांबवल्याच्या जवळजवळ दहा कोटी नोंदी तपासल्या, तेव्हा चालकाचा वर्ण बाहेरून कमी दिसतो अशा अंधाराच्या वेळी थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटते असे आढळले. दोन्ही अभ्यास थेट उघड्या बंदुकीविषयी नाहीत, आणि लिहिताना हे लपवू नये. त्यांचा संबंध ‘थांबवायचे कोणाला’ या पायरीशी आहे.

गोळीबाराच्या पायरीवर संशोधकांत एकमत नाही. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर यांना धक्काबुक्की, बेड्या, भिंतीशी उभे करणे यांसारख्या बळात वर्णानुसार मोठा फरक सापडला, पण ह्यूस्टनच्या नोंदींत गोळीबारात तो सापडला नाही. डीन नॉक्स, विल लोव आणि जोनाथन मुमोलो यांनी २०२० मध्ये दाखवून दिले की पोलिसांच्या नोंदींत मुळात थांबवलेलेच लोक असतात. थांबवण्यातच भेदभाव असेल, तर त्यानंतरच्या वागणुकीतला भेदभाव त्या नोंदींत आहे त्यापेक्षा कमी दिसतो. ही टीका मला पटते, तरी वाचकाने दोन्ही बाजू वाचूनच ठरवावे.

प्रयोगशाळेतल्या अभ्यासांबद्दल थोडक्यात. जोशुआ कॉरेल यांच्या २००२ च्या प्रयोगात सामान्य लोकांनी सशस्त्र कृष्णवर्णीय प्रतिमेवर अधिक झटपट गोळी झाडली. २००७ मध्ये डेन्व्हरच्या पोलिसांवर तोच प्रयोग केला तेव्हा निर्णयाच्या वेगात तोच कल दिसला, चुकांच्या प्रमाणात मात्र दिसला नाही. वॉशिंग्टन राज्यात लोइस जेम्स यांनी मोठ्या पडद्यावरच्या प्रसंगांनी चाचणी घेतली, तेव्हा पोलिसांनी कृष्णवर्णीयांवर गोळी झाडायला उलट जास्त वेळ घेतला. आपल्याला सोयीचा तेवढा एकच अभ्यास उचलू नये.

कागदपत्रे मागवावीत आणि निष्कर्ष पायरीनुसार लिहावा

निष्कर्ष लिहिताना ‘पोलीस वर्णद्वेषी आहेत’ किंवा ‘वर्णाचा काही संबंध नाही’ अशी सरसकट वाक्ये टाळावीत. कोणत्या पायरीवर, कोणत्या पुराव्याने, किती खात्रीने, असे लिहावे. क्लीव्हलंडबाबत मी असे लिहीन : संदेशाच्या पायरीवर वर्ण विचारला गेला आणि पुढे पोहोचला, तर धोका कमी दाखवणारे दोन शब्द पुढे पोहोचले नाहीत; हे ध्वनिफितीवरून सिद्ध आहे. अधिकाऱ्याच्या मनात वर्णाने काय केले, हे त्या फितीवरून सिद्ध होत नाही, मात्र वयाचा अंदाज आठ वर्षांनी चुकला ही नोंद आहे.

नव्या घटनेचा तपास करायचा असेल तर कागदपत्रे मागवावी लागतात. आपल्या २००५ च्या माहितीच्या अधिकारासारखे कायदे तिथे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. संघराज्याचा कायदा केवळ संघराज्याच्या कार्यालयांना लागू पडतो, शहर पोलिसांना नाही. काही राज्ये फक्त आपल्या रहिवाशांचेच अर्ज घेतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये व्हर्जिनियाच्या प्रकरणात ती अट वैध ठरवली आहे. त्यामुळे पुण्यात बसून अर्ज करण्याआधी त्या राज्याचा नियम पाहावा, किंवा तिथल्या एखाद्या परिचिताकडून अर्ज करवून घ्यावा. अर्जात ९११ ची ध्वनिफीत, दूरध्वनी घेणाऱ्याने संगणकात केलेल्या वेळेसहित नोंदी, बिनतारी संदेशांची ध्वनिफीत आणि अंगावरच्या कॅमेऱ्याचे संपूर्ण, न कापलेले चित्रण ही चारही एकदम, घटनेची तारीख, वेळ आणि ठिकाण देऊन मागावीत. केवळ लेखी उतारा मिळाला तर मूळ ध्वनी पुन्हा मागावा, कारण उताऱ्यात आवाजातली घाई आणि मधली शांतता येत नाही. ध्वनिफिती बऱ्याच ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात, म्हणून अर्ज घटनेनंतर पहिल्याच आठवड्यात पाठवावा आणि त्यात फिती जपून ठेवण्याची वेगळी लेखी विनंती करावी.